जुना गंजिफा विकताना: झीज सांगावी, वय मोजून सांगावे

मदिनत अश शमाल हे कतारच्या उत्तर टोकाचे समुद्राकाठचे गाव. दोहापासून ते सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे. येथे राहणाऱ्या कुटुंबाला एखादी हौसेने जपलेली जुनी वस्तू विकायची झाली, तर गिऱ्हाईक बहुधा दोहात असते, नाहीतर दुबईत किंवा मस्कतला. वस्तू हातात घेऊन पाहण्यापूर्वीच त्याला आपला निर्णय करावा लागतो. त्याच्यापुढे असतात ती चार छायाचित्रे आणि विकणाऱ्याने लिहिलेल्या चार ओळी.

नोकरीची मुदत संपून परतीची तारीख ठरली, की आखातातील घरांमधून सामानाच्या याद्या व्हॉट्सअॅपच्या गटांवर फिरू लागतात. सोफा, कपाट, मुलांची सायकल. सोफ्याचे काय, तो फाटला असेल तर फाटलेला दिसतो. परंतु अशा एखाद्या यादीत ‘सावंतवाडीचा गंजिफा, पूर्ण संच, अँटिक’ अशी ओळ लिहिण्याचा मोह झाला, तर थोडे थांबणे बरे. त्या ओळीत तीन दावे आहेत. पहिला सिद्ध करणे कठीण, दुसरा मोजून पाहावा लागतो, आणि तिसरा विकणाऱ्याच्याच अंगलट येऊ शकतो.

गोल पानांचा खेळ

गंजिफा म्हणजे हाताने रंगविलेल्या गोल पानांचा पत्त्यांचा खेळ. दशावतारी गंजिफात दहा रंग असतात, म्हणजे विष्णूच्या दहा अवतारांचे दहा गट. प्रत्येक गटात राजा, वजीर आणि एकापासून दहापर्यंतची पाने, अशी बारा. एकूण पाने १२०. मोगल पद्धतीच्या गंजिफात रंग आठ आणि पाने ९६ असतात. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि किमाश ही त्यांची नावे. त्यांत राजमुकुटापासून कापडाच्या ठाणापर्यंत दरबाराचा सगळा कारभार आला आहे. नवग्रहांचा १०८ पानांचा गंजिफाही आढळतो.

खेळाची एक गंमत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अर्ध्या रंगांत वजिराच्या खाली दहापासून एकापर्यंत क्रम उतरत जातो. उरलेल्या अर्ध्या रंगांत उलटे, तेथे एक्का वजिराच्या लगेच खाली बसतो आणि दहाचे पान सर्वांत हलके ठरते. दशावतारी डाव दिवसा रामाच्या राजाने उघडायचा आणि रात्री कृष्णाच्या, अशी रीत आहे. ज्याला हे ठाऊक नाही त्याच्या लेखी तो केवळ रंगीत चकत्यांचा डबा असतो. म्हणून संचाबरोबर खेळाचे नियम एका कागदावर लिहून देणारा विक्रेता गिऱ्हाइकाला निम्मी वस्तू अधिक देतो, असे म्हणायला हरकत नाही.

हा खेळ भारतात कधी आला याबद्दल मतभेद आहेत. मात्र बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि ‘ऐन-इ-अकबरी’त अकबराच्या दरबारातील बारा रंगांच्या, १४४ पानांच्या गंजिफाचे वर्णन आहे. आखातात राहणाऱ्या मराठी माणसाला आणखी एक धागा सापडेल. कुवेतकडच्या जुन्या अरबी बोलीत पत्त्यांना ‘जंजफा’ म्हणतात. शब्द तोच, फक्त वेष बदललेला.

सावंतवाडीत ही कला भोसले संस्थानिकांच्या आश्रयाने रुजली. तिसरे खेम सावंत यांच्या अठराव्या शतकातील कारकिर्दीशी तिचे नाते सांगितले जाते. गंजिफा, लाखेचे काम आणि लाकडी खेळणी करणारे चितारी हे त्या नगरीचे वैभव होते. (त्याच शतकात मदिनत अश शमालच्या नैर्ऋत्येस असलेले अल झुबारा हे बंदर मोत्यांच्या व्यापारावर भरभराटीला आले होते. आज त्याचे अवशेष जागतिक वारसास्थळ म्हणून जपले जातात.) विसाव्या शतकात छापील पत्ते स्वस्त झाले आणि गंजिफा मागे पडला. १९७०च्या सुमारास पुंडलिक चितारी यांच्यासारखा एखाददुसरा वृद्ध कारागीरच ही विद्या जाणणारा उरला होता. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कार्यशाळा सुरू करून ती पुन्हा उभी केली. सत्वशीलादेवी स्वतः रंगवायला शिकल्या आणि इतरांना शिकविले. आज आखातातील मराठी घरांत एखादा गंजिफा सापडला, तर तो या पुनरुज्जीवनानंतरचा असण्याची शक्यता पुष्कळच अधिक. लग्नात आलेला आहेर, कोकणच्या सहलीतील खरेदी, कुणा मामांनी दिलेली भेट. त्यात कमीपणा काही नाही, परंतु तो ‘पणजोबांचा’ होत नाही.

‘सावंतवाडीचा’ हा दावाही सांभाळून करावा. दशावतारी गंजिफा केवळ कोकणात होत नाही. बंगालमधील बिष्णुपूर येथेही १२० पानांचा दशावतारी संच रंगविला जातो, आणि त्यात बुद्धाच्या जागी जगन्नाथ दिसतो. ओडिशातील गंजपाची पाने पटचित्रांच्या वळणाची, ठसठशीत रेषांची असतात. म्हैसूरची परंपरा वेगळी. तेथे तिसऱ्या कृष्णराज वडियारांनी ३६० पानांपर्यंतचे खेळ रचले होते. मागे पावती, डब्यावर कार्यशाळेचा शिक्का किंवा कुटुंबातील एखादे जुने पत्र असेल, तर सावंतवाडीचे नाव निःशंक घ्यावे. नसेल तर ‘सावंतवाडी पद्धतीचा असावा’ इतकेच लिहावे. सावंतवाडी गंजिफाला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेव्हा ते नाव हा काही नुसता अलंकार राहिलेला नाही.

पूर्ण म्हणजे किती

पाश्चात्त्य हौशी संग्राहकांत पोकरच्या जुन्या चकत्यांचे संच असेच वापरलेल्या स्थितीत विकले जातात. त्या बाजाराचे नियम मात्र येथे लागू पडत नाहीत. पोकरची एक चकती हरवली, तर त्याच साच्यातून निघालेली दुसरी शोधता येते, आणि तीनशेच्या संचात दोन कमी असल्या तरी खेळ अडत नाही. गंजिफाचे प्रत्येक पान एकुलते एक असते. नरसिंहाचे सातवे पान हरवले की त्याला पर्याय नाही. ११९ पानांचा गंजिफा पाहायला तितकाच देखणा राहतो, परंतु तो खेळता येत नाही. किमतीच्या दृष्टीने तो खेळाच्या वर्गातून शोभेच्या वर्गात उतरतो.

म्हणून मोजणी पहिली. ती डब्यात बोटे घालून ‘असतील सगळी’ अशी करायची नाही. पांढरी चादर पसरून दहा ओळी मांडाव्यात, प्रत्येक ओळीत राजा, वजीर आणि क्रमाने दहा. एकूण १२० भरले म्हणून समाधान मानू नये, कारण दोन संचांची पाने मिसळलेली असू शकतात. तेव्हा एखाद्या ओळीत पाचाचे पान दोनदा येते आणि दुसरीत एक जागा रिकामी राहते. मांडलेल्या ओळींची छायाचित्रे त्याच वेळी घ्यावीत. दहा ओळींची दहा चित्रे पुरतात, आणि गिऱ्हाइकाला घरबसल्या मोजता येते.

मांडणीत आणखी एक गोष्ट उघडी पडते. एखादे पान इतरांपेक्षा अधिक पांढरे, अधिक चकचकीत किंवा अर्धा मिलिमीटर मोठे दिसले, तर ते मागाहून करवून घेतलेले असते. हरवलेले पान नव्याने रंगवून घेणे ही काही लबाडी नव्हे. जुन्या घरांत खेळ चालू ठेवण्यासाठी तेच केले जाई. लबाडी होते ती न सांगण्यात. ‘वामनाचे तिसरे पान बदललेले’ एवढी ओळ लिहिली, की जाणकार गिऱ्हाईक ते पान शोधून काढून पुन्हा विश्वास ठेवायचा की नाही या विवंचनेत पडत नाही.

कोणता दोष किती मोठा

वापरलेल्या गंजिफात दोष असणारच. कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवायचे, घोटून गुळगुळीत करायचे, रंगवायचे आणि वर लाखेचा हात द्यायचा, अशी ही पारंपरिक घडण. खळ, रंग आणि लाख हे तिन्ही सजीव वस्तूंसारखे वागतात. हवा बदलली की फुगतात, आकसतात. त्यामुळे दोष पाहताना तो कशाने आला हे पाहिले की त्याचे वजन ठरते.

कडांवरचा रंग झिजलेला असणे ही खेळाची खूण आहे. वर्षानुवर्षे बोटांनी ओढलेल्या पानांच्या कडा गुळगुळीत, किंचित काळसर होतात. अशी झीज सर्व पानांवर सारखी असेल तर तो दोष मानण्याचेही कारण नाही. उलट संच खरोखर खेळला गेला याचा तो पुरावा होय. शंका यावी ती उलट प्रकारात, म्हणजे डबा म्हातारा आणि पाने तरुण असतील तर.

लाखेवरचे केसासारखे तडे हे वयाचे आणि हवेचे काम. ते समोरून प्रकाश पाडला तर दिसत नाहीत, तिरप्या उन्हात लगेच दिसतात. म्हणून खिडकीजवळ सकाळच्या उन्हात एक चित्र तिरपे घ्यावे. फ्लॅशने लाख चमकते आणि दोष झाकला जातो. विकणाऱ्याला वाटते बरे झाले, परंतु पार्सल उघडल्यावर गिऱ्हाइकाला तेच प्रथम दिसते.

पान बाकदार होणे, कडेला पापुद्रा सुटणे, दोन पाने चिकटून वेगळी करताना रंगाचा टवका निघणे हे दोष अधिक गंभीर, कारण ते वाढत जातात. टवका राजाच्या चेहऱ्यावर असेल तर किंमत उतरते. सहाच्या पानाच्या कोऱ्या जागेत असेल तर फारशी नाही. चिंचोक्याची खळ कसरीला आवडते. कडेला बारीक नागमोडी खाल्लेले दिसले तर डबाही तपासावा.

पाठीकडे मात्र बहुतेक विक्रेते पाहतच नाहीत. गंजिफाची पाठ बहुधा एकाच रंगाची, कोरी ठेवलेली असते, आणि ती तशी असण्यातच खेळाचा प्रामाणिकपणा आहे. एका पानाच्या पाठीवर डाग पडला, तर ते पान खेळताना सर्वांना ओळखू येते. समोरचे चित्र निर्दोष असूनही खेळाडूच्या दृष्टीने ते पान निकामी झालेले असते. चित्र म्हणून चौकटीत लावणाऱ्याला त्याचे काहीच वाटणार नाही. म्हणजे एकच दोष दोन गिऱ्हाइकांना दोन किमतींचा. म्हणूनच समोरच्या चित्रांबरोबर पाठींचीही चित्रे पाठवावीत आणि ‘खेळण्यासाठी हवा की मांडून ठेवण्यासाठी’ हे आधीच विचारून घ्यावे.

समुद्राची हवा आणि गाडीतला डबा

कतारच्या किनाऱ्यावर ऑगस्ट-सप्टेंबरात हवा दमट होते. घरात वातानुकूलन अहोरात्र चालते आणि हवा कोरडी राहते. मग जुलै-ऑगस्टात कुटुंब सुट्टीवर भारतात जाते, वातानुकूलन बंद होते, आणि बंद घरातील डबा महिनाभर उष्ण, दमट हवेत राहतो. पाने एकमेकांना चिकटण्याचा आणि बुरशी धरण्याचा काळ तोच. संच सुट्टीपूर्वी विकायचा नसेल, तर तो शेजाऱ्याच्या थंड घरात ठेवून जाणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

त्याहून मोठा धोका रस्त्यावर आहे. लाख साधारण ६५ ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मऊ होऊन वितळू लागते. उन्हाळ्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत, काचेजवळ, तापमान या पातळीच्या जवळ जाऊ शकते. मदिनत अश शमालहून दोहापर्यंत संच नेताना वाटेत दुपारच्या जेवणासाठी थांबले आणि डबा गाडीत राहिला, तर १२० पानांची एक वडी होऊन निघण्याची भीती खरी आहे. डबा माणसाबरोबर उतरला पाहिजे. विमानातही तो हातातील सामानात असावा.

विकण्यापूर्वी ‘जरा पुसून’ घेण्याची इच्छा आवरावी. ओल्या फडक्याने जुने जलरंग आणि खळ सुटतात. हात निर्जंतुक करण्याचे द्रव तर कधीच लावू नये, कारण त्यांतील अल्कोहोल लाख विरघळवते. लाखेचे रोगण करताना ती अल्कोहोलातच विरघळवितात. खोबरेल तेलाने चकाकी येते हे खरे, पण ते कागदात मुरते आणि पिवळे पडते. सुटलेल्या पापुद्र्याला चिकटपट्टी लावली, तर ती काढताना चित्र तिच्याबरोबर येते. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झटकणे, एवढीच विक्रेत्याची मुभा. दोष दुरुस्त करायचाच असेल तर ते काम घेणाऱ्याच्या मर्जीवर सोडावे. अर्धवट दुरुस्तीपेक्षा अस्पर्श दोषाला अधिक किंमत येते, हे संग्राहकांचे जग सर्वत्र मानते.

‘अँटिक’ या शब्दाचे मोल

आता त्या तिसऱ्या शब्दाकडे. भाव चढावा म्हणून वस्तूला शंभर वर्षे बहाल करणे ही विक्रेत्यांची जुनी सवय. गंजिफाच्या बाबतीत ती सवय केवळ अप्रामाणिक नाही, धोक्याचीही आहे.

भारताचा पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम १९७२ साली संमत झाला आणि १९७६पासून अमलात आला. त्यानुसार किमान शंभर वर्षे अस्तित्वात असलेली चित्रे, शिल्पे, कलाकुसरीच्या वस्तू या पुरावस्तू ठरतात. अशी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. हा अधिकार केंद्र सरकारचा किंवा त्याने नेमलेल्या संस्थेचा. उल्लंघनास सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि दंड अशी शिक्षा सांगितली आहे. या कायद्याच्या आधीही, १९४७पासून, पुरावस्तूंच्या निर्यातीवर नियंत्रण होतेच.

आता जाहिरातीची ओळ पुन्हा वाचावी. कतारमधून विकायला काढलेला ‘शंभर वर्षांचा सावंतवाडीचा गंजिफा’ म्हणजे काय? दावा खरा असेल, तर ती वस्तू भारताबाहेर कशी आली, हा प्रश्न विक्रेत्याने स्वतःच लेखी उपस्थित केला आहे. दावा खोटा असेल, तर गिऱ्हाइकाची फसवणूक आहे. दोन्हींपैकी एक कबुली त्या एका शब्दात असते. १९८५ साली घेतलेल्या सुंदर संचाला केवळ भाव चढविण्यासाठी हे संकट ओढवून देण्याचे काहीच प्रयोजन नाही.

शंभर वर्षांची ही रेषा स्थिर नसते, ती दरवर्षी पुढे सरकते. १९४० साली रंगविलेला संच २०४० साली पुरावस्तूच्या वयाचा होईल. बंदी निर्यातीवर असल्यामुळे तो देशाबाहेर पडला त्या दिवशी त्याचे वय किती होते, हे महत्त्वाचे ठरते, आणि ते दाखविण्यासाठी कागद लागतो. खरेदीची पावती, आहेराच्या वहीतील नोंद, तारीख असलेल्या एखाद्या जुन्या छायाचित्रात दिसणारा डबा, यांपैकी काहीही. वयाबद्दल शंका असलेली वस्तू भारतातून बाहेर नेण्यापूर्वी ती पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या यंत्रणेमार्फत घेता येते. ज्यांचा संच अजून गावच्या माळ्यावर आहे आणि जो पुढच्या फेरीत आणायचा बेत आहे, त्यांनी हे आधी करावे.

आणि संच खरोखरच फार जुना निघाला तर? तेव्हा विकण्याचा विचार बाजूला ठेवून भारतातील जाणकार वकिलाचा किंवा पुरातत्त्व खात्याचा सल्ला घेणे हाच मार्ग. घरच्या मंडळींना त्यात नुकसान दिसेल. परंतु अशी वस्तू उघडपणे विकता येत नाही, आणि जी उघडपणे विकता येत नाही तिचा भाव चोरबाजारातील दलाल ठरवितो. विकणाऱ्याच्या हाती त्यातले फार थोडे लागते.

हस्तिदंतावर किंवा कासवाच्या पाठीवर रंगविलेले दरबारी गंजिफेही होते. त्यांच्याबाबत तर चर्चाच नको. वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला लगाम घालणाऱ्या साइटिस करारात भारत आणि कतार दोघेही आहेत. असे पान एक देश ओलांडून दुसऱ्या देशात विकायला पाठविणे म्हणजे दोन्हीकडच्या सीमाशुल्क खात्यांना आमंत्रण.

कतारचा स्वतःचा कायदाही लक्षात ठेवावा. २००४ सालच्या ११ क्रमांकाच्या दंडसंहितेने तेथे जुगाराला बंदी आहे. गंजिफा ही कलावस्तू म्हणून विकताना ‘पैसे लावून खेळायला उत्तम’ अशी गंमत जाहिरातीत करू नये. दुसरी बाब नाजूक आहे. मुस्लिमेतर धर्मांच्या प्रतीकांच्या सार्वजनिक प्रदर्शनावर आणि प्रचारावर तेथे निर्बंध आहेत. दशावतारांची चित्रे सर्वांसाठी खुल्या विक्रीस्थळावर झळकविण्यापेक्षा ओळखीच्या कुटुंबांमध्ये, खाजगी निरोपाने व्यवहार करणे शहाणपणाचे. यात लपविण्यासारखे काही नाही, पाहुण्याने घरमालकाच्या रीती पाळाव्यात एवढेच. मोगल गंजिफात देवदेवता नसल्याने हा प्रश्न तेथे तितका येत नाही.

भाव आणि चार ओळी

भाव कसा ठरवावा? लंडनच्या लिलावात कुणा संस्थानिकाच्या गंजिफाला मिळालेली रक्कम येथे कामाची नाही. मोजमाप एकच धरावे: तसाच संच आज सावंतवाडीत नव्याने घेतला तर काय पडेल. हाताने १२० पाने रंगविण्याचे काम असल्याने ती रक्कम थोडकी नसते. वापरलेला, पूर्ण आणि किरकोळ झिजेचा संच त्याहून काहीसा खाली विकला जावा. पान हरवलेला बराच खाली. चांगल्या हाताचे, ओळखता येणारे काम असेल आणि सोबत पावती असेल, तर तो नव्याच्या बरोबरीने किंवा वरही जाऊ शकतो. पावतीचा एक पिवळा कागद हा तासभर केलेल्या चकचकीपेक्षा नेहमीच अधिक किमतीचा असतो.

जाहिरात लांबलचक नको. समजा एखाद्याने असे लिहिले: ‘दशावतारी गंजिफा, १२० पाने, ओळीने मोजलेली. सावंतवाडीत १९९२ साली घेतला, पावती आहे. रंगीत लाकडी डबा, झाकणाची एक खाच तुटलेली. सर्व पानांच्या कडा झिजलेल्या. मत्स्याच्या वजिराच्या डाव्या बाजूस रंगाचा टवका. दोन पाने किंचित बाकदार. परशुरामाच्या चौथ्या पानाच्या पाठीवर चहाचा डाग, त्यामुळे खेळताना ओळखू येते. दुरुस्ती काहीही केलेली नाही. पंचवीस छायाचित्रे पाठवितो.’ यात एकही विशेषण नाही, आणि गिऱ्हाइकाने विचारावा असा प्रश्नही फारसा उरत नाही. ‘शेवटचा भाव काय’ हा प्रश्न मात्र येतोच. त्याला टवका आणि डाग धरूनच रक्कम लावली आहे असे सांगता येते. ज्याने दोष लपविले त्याला घासाघीस करताना हे उत्तर देता येत नाही, कारण प्रत्येक दोष गिऱ्हाईक शोधून काढते आणि प्रत्येकाचे पैसे वेगळे कापते.

देवघेव शक्यतो समोरासमोर व्हावी. घेणाऱ्याने उत्तरेकडे यावे किंवा विकणाऱ्याने दोहाला जावे, आणि दोघांनी मिळून दहा ओळी मांडून पाने मोजावीत. अर्धा तास लागतो. मोजून झाल्यावर पाने रंगवार, म्हणजे बारा-बाराच्या गठ्ठ्यांत, आम्लरहित कागदात किंवा धुतलेल्या मलमलीत गुंडाळावीत. रबराचे बंध लावू नयेत, कारण उष्णतेने ते लाखेला चिकटतात. डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिकाच्या दोन पुड्या ठेवाव्यात. विकल्याची एक साधी पावती दोघांनी सही करून ठेवावी. तीवर तारीख, पानांची संख्या, सांगितलेले दोष आणि मूळ खरेदीचे वर्ष असावे. पुढे कधी तो संच पुन्हा विकायला निघाला, किंवा विमानतळावर कुणी त्याच्या वयाबद्दल विचारले, तर मूळ पावतीच्या जोडीला हाच कागद दाखवावा लागेल. म्हणून मूळ पावतीही संचाबरोबरच द्यावी, आणि आपल्यासाठी तिचे छायाचित्र काढून ठेवावे.